लोकभाषा आणि शासनव्यवहार : सातारा-सांगली परिसराचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

लेखन वा भाषण प्रभावी ठरते ते शब्दांच्या भारदस्तपणामुळे नव्हे, तर ज्याच्यासाठी ते असते त्याला कळल्यामुळे. विसाव्या शतकात सातारा-सांगली परिसराशी निगडित दोन घटनांमध्ये या तत्त्वाची कसोटी लागली. पहिली प्रतिसरकारची, दुसरी मराठी राजभाषा होण्याची.

प्रतिसरकार : मौखिक व्यवहार

क्रांतिसिंह नाना पाटील (१९००-१९७६) हे मूळचे तलाठी. महसुली दप्तराची भाषा आणि शेतकऱ्याची बोली या दोहोंशी त्यांचा निकटचा परिचय होता. १९३० मध्ये नोकरी सोडल्यानंतर गावोगावच्या सभांत त्यांनी ही बोलीच स्वीकारली. १९४३ ते १९४६ या काळात, सांगलीचा मोठा भाग समाविष्ट असलेल्या तत्कालीन सातारा जिल्ह्यात, प्रतिसरकारने न्यायदान मंडळे चालविली. जमीन व कर्जाचे तंटे गावासमोर ऐकले जात. वकील व मुद्रांक यांचा अडसर नसल्याने निवाडा सर्वांना कळे. अर्थात, त्यामागे शिक्षेचा धाकही होता, हे नाकारता येत नाही. 'प्रतिसरकार' हा संस्कृत वळणाचा शब्द लोकांच्या तोंडी 'पत्री सरकार' झाला, असे एक मत आहे. ते ग्राह्य मानल्यास, चळवळीची संज्ञाही लोकांनी आपल्या जिभेवर घडवून घेतली असे म्हणावे लागते.

राजभाषा : लेखी व्यवहार

देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण १९६० मध्ये महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी भाषा संचालनालय आणि साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. मंडळाचे अध्यक्षपद वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे आले. १९६२ मध्ये पदनाम कोश प्रसिद्ध झाला. त्यातील संस्कृतप्रचुर संज्ञांमुळे टीकाकारांनी त्याची 'बदनाम कोश' अशी संभावना केली. पुढे राजभाषा अधिनियम, १९६४ संमत झाला. 'जिल्हाधिकारी' हा शब्द लेखनात रूढ झाला; बोलण्यात मात्र 'कलेक्टर' टिकून राहिला.

निष्कर्ष

मौखिक व्यवहारात श्रोता समोर असल्याने न कळलेला शब्द तेथेच अडतो. लेखी व्यवहारात तो अडत नाही. आदेश निघतो आणि न कळल्याची किंमत अर्जदार मोजतो. इंग्रजीच्या जागी मराठी आणणे ही म्हणूनच केवळ पहिली पायरी होती. सूचना, अहवाल व आदेश लिहिणाऱ्याने आपला मजकूर चावडीवर मोठ्याने वाचला जाणार आहे असे गृहीत धरावे, हाच या इतिहासाचा व्यावहारिक बोध होय.