बेस गिटारच्या तारांची निवड : समुद्रकाठच्या शहरातील वादकांपुढील प्रश्न

चेन्नई - चित्रपटगीत ऐकताना श्रोत्याचे लक्ष प्रथम गायकाकडे आणि नंतर व्हायोलिन किंवा बासरीकडे जाते. सर्वांत खालच्या सुरांत चालणाऱ्या बेस गिटारची दखल क्वचितच घेतली जाते. तमिळ चित्रपटसंगीत याला अपवाद आहे. १९७६ साली 'अन्नकिळी' या चित्रपटाद्वारे पदार्पण करणाऱ्या इळैयराजा यांनी बेस गिटारला केवळ ठेका धरण्याचे काम दिले नाही. मुख्य चालीला उत्तर देणारी, तिच्याशी संवाद साधणारी स्वतंत्र चाल त्यांनी या वाद्यासाठी लिहिली. त्यांच्या वाद्यवृंदात दीर्घकाळ शशिधरन हे बेस गिटार वाजवीत असत. 'रोजा' (१९९२) पासून देशभर पोहोचलेल्या ए. आर. रहमान यांच्या संगीतात कीथ पीटर्स यांचे आणि पुढील पिढीत मुंबईच्या मोहिनी डे यांचे वादन ऐकावयास मिळते. हिंदी चित्रपटसंगीताच्या अभ्यासकांना राहुलदेव बर्मन यांच्या वादकसमूहातील टोनी वाझ यांचे नाव परिचित आहेच.

या वादकांचे अनुकरण करू इच्छिणारा विद्यार्थी सहसा वाद्याच्या आणि ध्वनिवर्धकाच्या किमतीची चौकशी करतो. वाद्य ज्यामुळे वाजते त्या तारांचा विचार तो शेवटी करतो, किंवा करीतच नाही. वास्तविक तार बदलल्याने आवाजात जेवढा फरक पडतो, तेवढा त्याच खर्चातील दुसऱ्या कोणत्याही बदलाने पडत नाही. चेन्नईसारख्या दमट आणि खाऱ्या हवेच्या शहरात तर हा निर्णय वर्षातून अनेकदा घ्यावा लागतो.

तार जाड का असते?

अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बेस' हे वाद्य बाजारात आणले. त्यातील तारेचा कंप पावणारा भाग ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर होता. आजही बहुसंख्य बेस गिटारांचे हेच माप असते. चार तारा अनुक्रमे ई, ए, डी आणि जी या स्वरांत लावतात. सर्वांत खालची ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, तर सर्वांत वरची जी तार ९८ वेळा.

फ्रेंच विद्वान मारँ मर्सेन यांनी १६३६ च्या सुमारास मांडलेल्या नियमानुसार तारेचा स्वर तिची लांबी, ताण आणि दर इंचाचे वजन यांवर ठरतो. चारही तारांची लांबी सारखी, ताणही जवळजवळ सारखा. मग स्वर खाली आणण्यासाठी वजन वाढविण्याखेरीज मार्ग उरत नाही. जी आणि ई या तारांचे गणित करून पाहिल्यास ई तार साडेपाच पटींहून थोडी अधिक जड असावी लागते. प्रचलित संचात जी तार ०.०४५ इंच आणि ई तार ०.१०५ इंच जाड असते, ते याच कारणाने. मात्र इतक्या जाडीची सरळ एकसंध पोलादी सळी लावली, तर ती ताठरपणामुळे बेसूर वाजेल. म्हणून मध्ये बारीक पोलादी तार आणि तिच्याभोवती दुसऱ्या तारेचे वेढे अशी रचना करतात. तंबोऱ्यात जोडीच्या तारा पोलादाच्या आणि खर्जाची तार जाड, पितळेची ठेवण्यामागे वजनाचेच तत्त्व आहे. मिरजेच्या कारागिरांना ते फार पूर्वीपासून ठाऊक होते.

वेढ्यांचा आकार

खरेदी करताना पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वेढ्याचा आहे. जाडीचा प्रश्न त्यानंतरचा.

गोल तारेचा वेढा असलेल्या तारेस राउंडवाउंड म्हणतात. तिचा पृष्ठभाग बोटाला खरबरीत लागतो आणि आवाज तेजस्वी, धातूसारखा खणखणीत येतो. ब्रिटनच्या 'द हू' या वाद्यवृंदाचे जॉन एंटविसल यांनी १९६६ मध्ये रोटोसाउंड या कंपनीसोबत काम करून अशा तारा आपल्याला हव्या तशा करवून घेतल्या आणि रॉक संगीतात बेसचा आवाजच बदलला. त्यापूर्वीचा त्यांचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. त्यांच्या डॅनइलेक्ट्रो बनावटीच्या वाद्याची बारीक तार तुटली, तेव्हा ती तार सुटी मिळत नसल्याने त्यांना तसेच दुसरे वाद्यच विकत घ्यावे लागले होते.

चपट्या पट्टीचा वेढा असलेली तार म्हणजे फ्लॅटवाउंड. ती गुळगुळीत असते. तिचा आवाज गोल, मऊ, लवकर विरणारा आणि बोट सरकल्याचा खरखराट जवळजवळ नसलेला असा येतो. अमेरिकेतील मोटाउन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत वाजविणारे जेम्स जेमर्सन (१९३६-१९८३) जाड फ्लॅटवाउंड तारा वापरीत आणि त्या तुटेपर्यंत सहसा बदलीत नसत. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांच्या हॉफ्नर वाद्यावरही फ्लॅटवाउंड ताराच असत. जुन्या चित्रपटगीतांसारखा आवाज हवा असल्यास या तारांपासून सुरुवात करणे योग्य.

या दोहोंच्या मधील, म्हणजे गोल वेढा घासून अर्धवट सपाट केलेल्या तारा मिळतात. तसेच नायलॉनच्या काळ्या पट्टीने मढविलेल्या ताराही असतात. पडदे नसलेल्या, अर्थात फ्रेटलेस बेस गिटारसाठी या दोन्ही प्रकारांचा विचार अवश्य करावा. कर्नाटक संगीतातील गमक या वाद्यावर बोट घसरवून काढता येतात, परंतु तेथे राउंडवाउंड तार लाकडी पट्टीवर सतत घासून तिला चरे पाडते. जॅको पास्टोरियस यांनी राउंडवाउंड ताराच वापरल्या खऱ्या. पण त्यांनी पट्टीवर इपॉक्सीचा कठीण थर चढविला होता, हे त्यांचे अनुकरण करणारे विसरतात.

लहान ध्वनिक्षेपकाचा प्रश्न

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. ४१ कंपनांचा मूळ स्वर मोबाइल फोनच्या लहान ध्वनिक्षेपकातून उमटतच नाही. पूर्वी ट्रान्झिस्टर रेडिओतूनही तो उमटत नसे. तरीही श्रोत्याला खालचा स्वर जाणवतो, कारण त्या स्वराचे दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर ऐकू येतात आणि मेंदू त्यावरून मूळ स्वराचा अंदाज बांधतो. नव्या राउंडवाउंड तारेत हे उपस्वर भरपूर असतात. म्हणून जे गाणे प्रामुख्याने फोनवर ऐकले जाणार आहे, त्याच्या ध्वनिमुद्रणात जुनी, मंद झालेली तार बेसला अक्षरशः नाहीशी करू शकते. मैफलीत मोठ्या ध्वनिवर्धकासमोर तीच तार सुखद वाटेल. म्हणूनच 'सर्वोत्तम तार कोणती' या प्रश्नाला, ती कोठे ऐकली जाणार हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

धातू आणि हवा

बाजारातील बहुतेक राउंडवाउंड तारांचा वेढा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचा असतो. आवाज संतुलित, पडद्यांची झीज बेताची आणि किंमतही त्यातल्या त्यात आटोक्यात, म्हणून नवशिक्या वादकाने हाच प्रकार घ्यावा. स्टेनलेस स्टीलच्या तारा अधिक झगमगीत वाजतात आणि अंगठ्याने आघात करण्याच्या स्लॅप शैलीला शोभतात. परंतु त्या कठीण असल्याने पडदे लवकर झिजतात. शुद्ध निकेलच्या तारा मृदू वाजतात.

चेन्नईत मात्र आवाजाइतकाच गंजाचा विचार करावा लागतो. समुद्रावरून येणाऱ्या हवेत मिठाचे कण असतात. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात हवा सतत ओली राहते, आणि एरवीही वादकाच्या हाताला घाम असतोच. बोटांखाली निकेलचा मुलामा झिजला की आतील पोलादाला गंज धरतो. त्याआधीच घाम आणि मळ वेढ्यांच्या फटींत साचून तारेचे वजन ठिकठिकाणी कमीजास्त होते. परिणामी तार मंद तर होतेच, शिवाय वरच्या पडद्यांवर बेसूर बोलू लागते. बाराव्या पडद्यावर दाबून वाजविलेला स्वर आणि त्याच जागी हलकेच स्पर्श करून काढलेला स्वर पूर्वी जुळत असतील आणि आता जुळत नसतील, तर तार संपली असे समजावे. मुंबई, रत्नागिरी वा पणजी येथील वादकांचा अनुभव याहून वेगळा असण्याचे कारण नाही. पुणे किंवा नागपूर येथे तीच तार सामान्यतः अधिक टिकेल.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, अतिसूक्ष्म बहुवारिक थर दिलेल्या तारा घेणे. एलिक्सरसारख्या कंपन्या त्या बनवितात. किंमत अधिक असली तरी किनारपट्टीवर हा खर्च बहुधा वसूल होतो, असे आमचे मत आहे. दुसरा, फ्लॅटवाउंड घेणे. फटीच नसल्याने त्यांत मळ साचत नाही आणि त्या वर्षानुवर्षे चालतात. तिसरा उपाय फुकटचा आहे : वाजवून झाल्यावर प्रत्येक तार कोरड्या सुती कापडाने वरून आणि खालूनही पुसणे. खालची बाजू पुसण्याचा आळस बहुतेकांना असतो.

वातानुकूलित ध्वनिमुद्रणगृहातून वाद्य एकदम बाहेरच्या उष्ण, दमट हवेत काढल्यास थंड तारांवर दव धरते. अशा वेळी वाद्य पेटीतच ठेवून काही काळ बाहेरच्या तापमानाशी जुळू द्यावे, मगच पेटी उघडावी. जुन्या तारा पाण्यात उकळून पुन्हा वापरण्याची पद्धतही वादकांत प्रचलित आहे. त्याने मळ निघतो आणि काही दिवस आवाज उजळतो, पण वेढ्यांच्या आत राहिलेले पाणी दमट हवेत सुकत नाही आणि गंज आतूनच सुरू होतो.

जाडी आणि ताण

प्रचलित संचांत ०.०४५ ते ०.१०५ इंच किंवा किंचित हलका ०.०४५ ते ०.१०० हा मधला मार्ग होय. ०.०४० ते ०.१०० चा संच बोटांना हलका जातो आणि तार आडवी ओढून स्वर चढविणे त्यावर सोपे असते. लहान हाताच्या वा नुकतेच शिकू लागलेल्या विद्यार्थ्याने याच संचापासून प्रारंभ करावा; मनगट दुखत असताना जाड तारांचा हट्ट धरण्यात काही शौर्य नाही. स्वर नेहमीपेक्षा खाली उतरवून वाजविणाऱ्यांना मात्र जाड तारा लागतात, अन्यथा तार सैल पडून पडद्यांवर खडखडते. पाच तारांच्या वाद्यातील सेकंदाला सुमारे ३१ कंपनांची बी तार ०.१२५ ते ०.१३० इंच जाडीची घ्यावी.

चार तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० ते ८० किलोग्रॅम भरतो, म्हणजे एका प्रौढ माणसाचे वजन वाद्याची दांडी सतत पेलत असते. जाड संच चढविल्यास दांडी पुढे वाकते आणि तारा पडद्यांपासून उंच जातात. हलका संच चढविल्यास उलट घडते. दांडीतील लोखंडी सळई, जिला ट्रस रॉड म्हणतात, ती किल्लीने पाव फेरा फिरवून हे सुधारता येते. ज्यांना सवय नाही त्यांनी हे काम कारागिराकडूनच करून घ्यावे, कारण जोर लावून फिरविलेली सळई तुटली तर दांडीच निकामी होते. पावसाळ्यात लाकूड ओलावा शोषते, त्यामुळे तारा न बदलताही हा समतोल ढळू शकतो.

खरेदी आणि जोडणी

चेन्नईत अण्णा सालैवरील, १८४२ साली स्थापन झालेले 'म्युझे म्युझिकल' हे वाद्यांचे दुकान अनेक पिढ्यांच्या वादकांना परिचित आहे. रहमान यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरीसारख्या संस्थांमुळे पाश्चात्त्य वाद्ये शिकणाऱ्यांना शहरात नवे केंद्र मिळाले. तरीही नामांकित कंपन्यांच्या तारा मुख्यतः आयात केलेल्या असतात आणि बेसचा एक संच साध्या गिटारच्या संचापेक्षा कितीतरी महाग पडतो. त्यामुळे बनावट मालाचा मोह आणि धोका दोन्ही आहेत. डॅडारिओसारख्या कंपन्या पाकिटात पडताळणीचा क्रमांक देतात, तो अवश्य तपासावा.

पाकिटावर जाडीइतकेच लांबीचे माप पाहावे. ३० इंची लहान वाद्यावर ३४ इंचांसाठीची तार लावल्यास तिचा जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो आणि तेथेच ती कमकुवत होते. ज्या वाद्यात तार मागून, खोडातून ओवली जाते, त्याला अधिक लांब तार लागते.

जोडताना सर्व तारा एकदम काढू नयेत; एक काढावी, तिच्या जागी नवी चढवावी आणि मग दुसरीकडे वळावे. खुंटीच्या पुढे दोन ते तीन वेढ्यांपुरती तार मोजून ठेवावी, ती प्रथम पकडीने काटकोनात वाकवावी आणि नंतरच कापावी. न वाकविता कापल्यास, विशेषतः आतील तार गोल असेल तर, बाहेरचा वेढा सुटून सरकतो आणि नवी कोरी तार पहिल्याच दिवशी मंद वाजू लागते.