आत्मतुष्टीचे प्रमाण

धर्म कशावरून ओळखावा, या प्रश्नाला मनुस्मृतीने चार उत्तरे दिली आहेत: वेद, स्मृती, सज्जनांचा आचार आणि ज्याने आपल्या अंतःकरणाला समाधान वाटते ते. पहिल्या तिहींविषयी पंडितांनी ग्रंथांवर ग्रंथ रचले. चौथ्याविषयी, म्हणजे आत्मतुष्टीविषयी, ते नेहमीच सावध राहिले, कारण समाधान चोरालाही वाटू शकते. कुमारिलभट्टांनी ‘तंत्रवार्तिका’त या शंकेला दृष्टांताने उत्तर दिले आहे. रुमा येथील मिठाच्या खाणीत जे जे उपजते ते मीठच होते. त्याप्रमाणे वेदविद्येत मुरलेल्या पुरुषाच्या मनाला जे रुचेल ते धर्माला धरूनच असते. आजच्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत विभागलेल्या कृष्णाकाठचा इतिहास चाळताना मला वाटत आले आहे की, या दृष्टांताची खरी परीक्षा शास्त्रार्थाच्या सभांपेक्षा याच भूमीत अधिक कसोशीने झाली.

शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचे तंटे गोतसभेपुढे येत. देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार बसत, निवाड्याचा महजर होई, आणि ज्याला लिहिता येत नसे तो पाटील नांगराची निशाणी करी. कागद, भोगवटा आणि साक्षी ही तिन्ही प्रमाणे थकली म्हणजे दिव्य करावयाचे: उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढावयाचा. ही रीत आज आपल्याला क्रूर वाटते, आणि ती क्रूर होतीच. परंतु तिच्या तळाशी खोटे बोलणाऱ्याचे अंतःकरणच त्याच्याविरुद्ध साक्ष देते हा एक नैतिक सिद्धांत होता. 1943 नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने कुंडल, वाळवे, तासगाव या टापूत न्यायदान मंडळे चालवली, तेव्हा दिव्य कधीच नाहीसे झाले होते. परंतु सरकारी कचेरीपेक्षा गावासमोर खोटे बोलणे जड जाते, ही जाणीव शिल्लक होती.

क्षेत्र माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे 1759 मध्ये पेशव्यांचे मुख्य न्यायाधीश झाले. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर आले. पुढे सातारला रेसिडेंट होऊन गेलेल्या ग्रँट डफने आपल्या इतिहासात पुढील प्रसंग नमूद केला आहे. रघुनाथरावांनी या कृत्याला प्रायश्चित्त काय, असे विचारले, आणि देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे नाही, असे शास्त्रीबोवांनी सांगितले. या प्रसंगात शौर्य सर्वांना दिसते. मला त्यातील विचार अधिक मोलाचा वाटतो. ‘मिताक्षरे’ची आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त अशी तीन कांडे आहेत. दंड हा व्यवहाराचा विषय आणि तो देणारा राजा. राजाच अपराधी ठरला की व्यवहार खुंटतो आणि उरते ते प्रायश्चित्त, जे अपराध्याने अनुतापपूर्वक स्वतःच स्वीकारावयाचे असते. रामशास्त्र्यांनी सत्ताधीशाला जेथे कोणाचाही हुकूम चालत नाही अशा न्यायासनापुढे, त्याच्याच अंतःकरणापुढे, उभे केले. बुद्धिपुरस्सर केलेल्या ब्रह्महत्येला देहान्त प्रायश्चित्त हे वचन पुण्यातल्या कोणत्याही शास्त्र्याला अपरिचित नव्हते. वचन सर्वांचे होते, उच्चार एकाने केला. आणि त्यानंतर चाकरी सोडून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले, ते 1777 मध्ये पुन्हा न्यायासनावर येईपर्यंत.

पण याच न्यायासनापुढची दुसरी एक हकीकत सांगतात, आणि तिचा शेवट मनाला टोचतो. तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन यांची मुलगी बालपणीच विधवा झाली. रणांगणावर वाढलेल्या त्या सरदाराचे मन कन्येच्या दुःखाने विदीर्ण झाले आणि त्यांनी तिच्या पुनर्विवाहाविषयी शास्त्राचा कौल मागितला. रामशास्त्र्यांचे मत अनुकूल पडले म्हणतात. परंतु घरच्या आणि ज्ञातीच्या विरोधापुढे तो बेत तेथेच राहिला. पित्याची करुणा होती, न्यायाधीशाची संमती होती, आणि तरीही रूढी जिंकली. मिठाच्या खाणीचा दृष्टांत येथे उलटतो: रूढीत मुरलेल्या मनाला रूढीच गोड लागते आणि निरपराध मुलीचे वैधव्य पाहूनही त्याची आत्मतुष्टी ढळत नाही.

रामशास्त्र्यांच्या निधनानंतर 67 वर्षांनी, 1856 मध्ये, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी नेमका हाच घाव घातला. मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी त्यांची बुद्धी घडवली होती हे खरे. परंतु केशवपन, बालविवाह आणि जरठकुमारीविवाह यांवर 1888 पासून ‘सुधारका’त त्यांनी जे लिहिले त्याची धग पुस्तकांतून आलेली नव्हती. नीतीला ईश्वराचा किंवा परलोकाचा आधार लागत नाही. मनुष्याचे सुखदुःख आणि त्याचा विचार करणारी बुद्धी एवढे अधिष्ठान तिला पुरे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि त्यासाठी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली त्यांनी सोसली. त्यांचे प्रतिपक्षी टिळक यांनी 1915 च्या ‘गीतारहस्या’त सुखवाद खोडून काढला, पण सदसद्विवेकदेवतेला स्वतंत्र प्रमाण मानण्यासही त्यांनी नकार दिला. मनाचा कच्चा कौल प्रमाण नव्हे, याविषयी दोघा मित्रांचे एकमत होते, आणि त्यांच्या भांडणाच्या गदारोळात ते आपल्याकडून दुर्लक्षिले गेले आहे.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेने पुढचे पाऊल टाकले. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी तेथे शास्त्राध्ययनाची परंपरा जागती ठेवली. विनोबांनीही त्यांच्यापाशी अध्ययन केले, आणि ‘मीमांसाकोश’ त्यांच्याच हातून सिद्ध झाला. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली 1937 पासून ‘धर्मकोश’ प्रसिद्ध होऊ लागला, आणि त्यात वचने कालक्रमाने मांडली गेल्यामुळे शास्त्र काळाबरोबर बदलत आले आहे ही गोष्ट कोणालाही पडताळून पाहता येऊ लागली. आगरकरांनी शास्त्राबाहेर उभे राहून जे म्हटले ते येथे शास्त्राच्या गाभ्यातून निघाले. 16 जून 1933 रोजी पुण्यात पर्णकुटीत गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा विवाह झाला. वर वैश्य, वधू ब्राह्मण. असा प्रतिलोम विवाह स्मृतींनी निषिद्ध ठरवलेला आहे, आणि त्या निषेधाची वचने ज्यांना पूर्णपणे अवगत होती त्या तर्कतीर्थांनीच त्याचे पौरोहित्य केले.