आपल्या लॉनची खतगाडी : थोडा इतिहास, थोडा हिशोब

पाण्याचे टँकर, कन्व्हेयन्स डीड आणि गणेशोत्सव यांवर इतर सभासद लिहितीलच. मी लिहितो आहे पंप-रूमच्या भिंतीला टांगलेल्या खतगाडीवर. नव्याने राहायला आलेल्या काहींना ती कुणाची तरी जुनी बाबागाडी वाटते. ते लॉनवर दाणेदार खत पसरायचे यंत्र आहे, आणि त्याच्या खरेदीवरून आपल्या वार्षिक सभेत जेवढा आरडाओरडा झाला तेवढा लिफ्टवरूनही झाला नसता. (रो-हाउस असल्याने आपल्याकडे लिफ्ट नाही, हा भाग वेगळा.)

इंग्रजी पुस्तकांत पेरणीयंत्राची गोष्ट साधारण १७०१ पासून, जेथ्रो टल या इंग्रजापासून सुरू होते. आपल्याकडची पाभर आणि तिफण मात्र त्यांच्या हिशोबात नसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅप्टन हॅलकॉट नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने दक्षिणेत शेतकऱ्यांना यंत्राने पेरताना पाहिले. ही युरोपची नवी युक्ती अशी त्याची समजूत होती. त्याने चकित होऊन तसे इंग्लंडला कळवले. आपण आजही पेरणी सुरू झाली की ‘चाड्यावर मूठ धरली’ म्हणतो. दाणे मुठीतून चाड्यात, चाड्यातून नळ्यांत आणि नळ्यांतून तासात. पण किती सोडायचे, ते मूठ ठरवणार.

लॉन मात्र साहेबाची. १८३० साली एडविन बडिंग याने लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून गवत कापायचे यंत्र केले आणि लॉन हळूहळू सरदारांच्या वाड्यातून साध्या माणसाच्या अंगणात आली. तोवर खत म्हणजे शेणखत. ते घमेलेभर इकडेतिकडे झाले तरी गवत तक्रार करत नाही. मग १९०९ मध्ये हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, १९१३ मध्ये ओपाऊला त्याचा कारखाना निघाला, आणि पुढे युरिया घरोघरी पोचला. युरियात ४६ टक्के नायट्रोजन. लॉनला एका वेळी चौरस मीटरमागे दहा ग्रॅम पुरतो, म्हणजे आपल्या पाचशे चौरस फुटांच्या अंगणाला जेमतेम अर्धा किलो. तिथे मूठ सैल सुटली की गवत जळालेच. अमेरिकेत ओहायोमधल्या स्कॉट कंपनीने १९२८ साली खास लॉनसाठी खत काढले आणि पाठोपाठ ते मोजून टाकायची चाकांची पेटीही विकायला आणली. धंदा म्हणून हे मला फार हुशारीचे वाटते.

आपल्याकडे पहिली बरीच वर्षे हे यंत्र लागले नाही, कारण आपल्याकडे माळीमामा होते. मंगळवेढ्याकडचे. गावी ज्वारी पाभरीने पेरलेला माणूस. ते अर्धे खत उभे फिरून टाकत, अर्धे आडवे फिरून, आणि लगेच पाणी सोडत. पंधरा दिवसांनी पाहावे तर सगळी लॉन एका रंगाची. पुढे खताने त्यांच्या बोटांना भेगा पडू लागल्या. हातमोजे आणून दिले तर म्हणाले, “दाणा कळत न्हाई त्यातनं.” ते गावी गेल्यावर आलेल्या मुलांनी लॉनचे झेब्रा क्रॉसिंग करून टाकले.

तेव्हा कमिटीने तीन कोटेशन्स मागवून सर्वांत स्वस्त गाडी घेतली. रंग दिलेल्या पत्र्याची. दोन पावसाळ्यांत तिची खालची फट गंजून अर्धी उघडी अडकली. मी खजिनदार होतो. दुसऱ्या गाडीचा विषय सभेत आला तेव्हा एक सभासद उभे राहून म्हणाले, “पुन्हा तेच? मग माळ्याला पगार कशाला देतो?” मी बँकेत आयुष्यभर तुलनात्मक तक्ते केले आहेत. एक तक्ता इथेही केला.

मुद्दा साधा होता. खत म्हणजे क्षारच. हवेतला ओलावा ओढून ते लोखंड खाते, जस्ताचा मुलामाही सोडत नाही. म्हणून पेटी जाड प्लॅस्टिकची, दांडे आणि आस स्टेनलेस स्टीलचे. पण प्लॅस्टिक उन्हात तडकते, तेव्हा गाडी सावलीत टांगायची. चकतीने दूरवर खत उडवणारी गाडी मोठ्या मैदानाला ठीक. आपल्या अंगणात तिचे निम्मे खत शेजाऱ्याच्या तुळशीत आणि फरशीवर जाते. आपल्याला सरळ खाली सोडणारी हवी. चाके रबरी हवीत, कारण पेटीतले खत ढवळणारा दांडा चाकानेच फिरतो. गुळगुळीत चाक ओल्या गवतावर घसरले की दांडा थांबतो आणि खताचा पट्टा तुटतो. शेवटी मी पहिल्या गाडीची किंमत दोन वर्षांवर आणि दुसरीची दहा वर्षांवर भागून दाखवली. महाग गाडी स्वस्त निघाली. ठराव मंजूर झाला, दोन विरोधात.

त्याच महिन्यात माळीमामा नातवाच्या कामासाठी शहरात आले होते. त्यांनी गाडी उलटसुलट करून पाहिली आणि ताडपत्री अंथरायला लावली. दहा मीटर ढकलायची, पडलेले खत गोळा करायचे. पेटी पंचावन्न सेंटीमीटर रुंद, एका फेरीत अर्धेच खत टाकायचे, म्हणजे सत्तावीस ग्रॅम पडायला हवे. मी घरून स्वयंपाकाचा काटा आणला. मामांनी मात्र तळहातावर घेऊन “जरा जास्ती हाय” म्हटले. काट्यावर चौतीस भरले. फट एक घर कमी केली. मग ते म्हणाले, “तुम्ही थांबला तरी ही थांबत न्हाई. खाली गळतंय बघा.” खरेच होते. वळताना फट बंद करायची हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत होते. आमच्यापैकी कुणी वाचले नव्हते.

गाडीला आता नववे वर्ष आहे. एकदा चाक बदलले, बाकी सर्व मूळचे. हवी असेल त्यांनी वॉचमनकडून किल्ली घ्यावी, रजिस्टरमध्ये सही करावी, आणि वापरून झाल्यावर पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवूनच टांगावी. युरियासाठीचा आकडा मूठीवर ऑइलपेंटने लिहिला आहे. तो मामांच्या देखत लिहिलेला आहे, कृपया खोडू नये.