दमा कुणाकडून आला?

परवा डॉक्टरांनी लेकीच्या हातात पहिल्यांदा पंप दिला. आत्याला फोनवर सांगितलं, तर ती थोडा वेळ गप्पच. मग हळूच म्हणाली, "माझ्याकडूनच गेलं रे हे पोरीकडे."

आत्याचा दमा आमच्या घरात कायम कुजबुजीचा विषय. बघायला कुणी आलं आणि तिला उबळ आली, की आजी तिला मागच्या खोलीत पाठवायची. एका वर्षी मृगाला आजोबा तिला हैदराबादला घेऊन गेले. जिवंत माशातून गिळायचं ते औषध, आम्ही शाकाहारी म्हणून तिला गुळातून मिळालं. दमा होता तिथेच राहिला.

तिचं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून वाचत बसलो. दमा घराण्यात चालतो हे निरीक्षण जुनंच. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कुक आणि व्हँडर व्हीर या डॉक्टरांनी ॲलर्जीच्या ५०४ रुग्णांची घराणी तपासली. जवळजवळ निम्म्यांच्या घरात आधी कुणाला तरी असाच त्रास होता.

पण मला खिळवून ठेवलं ते ट्रिस्टन दा कुन्हा या बेटाने. दक्षिण अटलांटिकमध्ये, केप टाऊनपासून सुमारे २,८०० किलोमीटरवर. १८१६ साली इंग्रजांनी तिथे सैन्य ठेवलं. सेंट हेलेनावर कैदेत असलेल्या नेपोलियनला सोडवायला कुणी तिथून येऊ नये म्हणून! सैन्य लवकरच परतलं. विल्यम ग्लास नावाचा कॉर्पोरल मात्र कुटुंबासह मागे राहिला. पुढे काही खलाशी आले, १८२७ मध्ये सेंट हेलेनाहून काही बायका आल्या. आजचे बेटवासी म्हणजे मुख्यतः अशा पंधराएक माणसांचा वंशविस्तार.

१९६१ मध्ये ज्वालामुखी जागा झाला आणि सगळ्या बेटाला इंग्लंडला हलवलं. (१९६३ मध्ये बहुतेक सगळे परतलेसुद्धा.) तिथे डॉक्टरांनी तपासलं, तर दमेकरी भरपूर. १९९३ मध्ये टोरांटो विद्यापीठाचे संशोधक रक्ताचे नमुने घ्यायला थेट बेटावर गेले. पहिल्या रहिवाशांपैकी काहींना दमा असावा आणि तोच पिढ्यान् पिढ्या उतरला, असा निष्कर्ष.

म्हणजे आत्या म्हणते तेच खरं? मीही क्षणभर तसाच विचार केला. पण गोष्ट इथे संपत नाही.

२००७ मध्ये ब्रिटिश आणि जर्मन कुटुंबांच्या अभ्यासातून लहानपणच्या दम्याशी संबंधित एक जागा सतराव्या गुणसूत्रावर सापडली. गंमत म्हणजे तिथला धोक्याचा फरक इतका सर्रास आढळतो, की तो असलेल्या बहुतेकांना दमा होतच नाही. शिवाय अशा जागा एक-दोन नाहीत, पुष्कळ आहेत. प्रत्येकीचा वाटा थोडा थोडा.

आणि २०१६ मधला अमेरिकेतला अभ्यास तर वाचाच. आमिश आणि हटराइट, दोन्ही मध्य युरोपातून आलेले शेतकरी समाज, आनुवंशिक ठेवण बरीचशी सारखी. पण आमिश मुलांत दमा शंभरात पाचेक जणांना, हटराइट मुलांत एकवीसेक जणांना. फरक कशात? आमिशांचे गोठे घराला लागून, पोरं लहानपणापासून गाईगुरांत. हटराइटांची शेती मोठी, यंत्रांची, वस्तीपासून दूर. आमिशांच्या घरातल्या धुळीत जंतूंचे अंश कितीतरी जास्त, आणि त्यांनीच मुलांच्या शरीराला वेगळं वळण लावलं, असं संशोधकांचं मत.

असो. आत्याला हे सगळं फोनवर कसं सांगणार? ती हा ब्लॉग वाचते, म्हणून इथेच लिहितो.

आत्या, लेकीकडे आलं ते एकट्या तुझ्याकडून नाही. थोडं तुमच्या आजोबा-पणजोबांकडून, थोडं तिच्या आईच्या माहेरून, थोडं आमच्या फ्लॅटच्या बंद खिडक्यांतून. आणि तुझ्याकडून आलेलं थोडं असेल, तर त्यात अपराध कसला? तुझं नाकही तिच्याकडे आलंय. त्याबद्दल तू कधी माफी मागितलीस का?

रविवारी ये. पोरगी पंप सगळ्यांसमोर घेते, मागच्या खोलीत जात नाही.