मायावाद की कर्तृवाद?

हे दृश्य विश्व एखाद्या अतिप्रगत संगणकावर चाललेले प्रतिरूप, रूढ भाषेत ‘सिम्युलेशन’, तर नसेल? हा संशय एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून पाश्चात्त्य तत्त्वचर्चेत गांभीर्याने मांडला जात आहे. त्याची वार्ता भारतीय भाषांत पोचताच ‘हे तर मायावादात पूर्वीच सांगितले आहे’ असा उद्गार निघतो. अशा उद्गारात स्वाभिमान असतो. वाचन असतेच असे नाही.

देकार्तने १६४१ साली मानवाला फसविणाऱ्या एका दुष्ट शक्तीची कल्पना केली होती. परंतु त्या शक्तीजवळ यंत्र नव्हते आणि हिशेबही नव्हता. यंत्र आले ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कथावाङ्मयात. पोलिश लेखक स्तानिस्वाव लेम याने १९६०च्या सुमारास लिहिलेल्या एका कथेत कोर्कोरान नावाच्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत काही लोखंडी पेट्या ठेवलेल्या आहेत. प्रत्येक पेटीत एक जाणीव नांदते. तिला जे दिसते, ऐकू येते, ज्याचा स्पर्श होतो, ते सारे एका फिरत्या पिंपावर नोंदविलेल्या संकेतांतून तिच्याकडे येते. त्यांतील एक पेटी आपल्या जगात वेडी ठरली आहे. कारण आपण कुठल्याशा धुळकट खोलीतील पेटी आहोत, असे तिला वाटते! साऱ्यांत सत्याच्या निकट तीच. खुद्द कोर्कोरानलाही आपण आणखी कोणाच्या तरी खोलीतील पेटी असू, असा संशय आहे.

डॅनियल गलूय या अमेरिकन लेखकाच्या ‘सिम्युलेक्रॉन-३’ (१९६४) या कादंबरीत तर ग्राहकांचा कल अजमावता यावा म्हणून एक संबंध शहर यंत्रात वसविलेले आहे. विश्वनिर्मितीमागील हेतू इतका क्षुद्र असू शकतो, ही त्या कादंबरीतील सर्वांत अस्वस्थ करणारी सूचना होय.

विज्ञानात हा विचार वेगळ्या वाटेने आला. कोनराड त्सूझ या जर्मन अभियंत्याने १९४१ साली बर्लिनमध्ये आज्ञावलीवर चालणारे ‘झेड-३’ हे गणकयंत्र सिद्ध केले होते. १९६७ साली एका लेखात, आणि १९६९ साली ‘रेख्नेंडर राउम’ या पुस्तकात, त्याने असे सुचविले की अवकाश स्वतःच गणन करीत असावे. त्याच्या विश्वाला बाहेरचा कर्ता लागत नाही.

कर्ता परत आणला तो निक बॉस्ट्रम याने, २००३ साली, ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’तील निबंधात. तीन विधानांपैकी एक तरी खरे असले पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद आहे: मानवासारख्या जाती पुरेसे तांत्रिक सामर्थ्य मिळण्यापूर्वीच बहुधा नष्ट होतात, किंवा ते मिळूनही आपल्या पूर्वजांची प्रतिरूपे चालविण्यात त्यांना रस उरत नाही, किंवा आजचा मानव जवळजवळ निश्चितपणे अशा प्रतिरूपातच जगत आहे. समग्र मानवी इतिहासाच्या प्रतिरूपास एकावर ३३ ते ३६ शून्ये इतक्या गणनक्रिया लागतील, असा त्याचा अंदाज आहे. तिसरेच विधान खरे, असे मात्र तो म्हणत नाही. ही गोष्ट त्याच्या नावावर वृत्तपत्री लेख लिहिणारे बहुधा विसरतात.

आता मायावादाशी तुलना. वस्तुतः जुन्या भारतीय ग्रंथांत या प्रतिरूपकल्पनेच्या अधिक जवळ येतात ते वेदान्ती नव्हेत, तर विज्ञानवादी बौद्ध. स्वप्न एकट्याचे असते, जग मात्र सर्वांना सारखे दिसते, या आक्षेपाला वसुबंधूने ‘विंशतिका’त नरकाचे उदाहरण देऊन उत्तर दिले आहे. नरकातील सर्व जीवांना तेच नरकपाल दिसतात, कारण त्यांचे कर्म सारखे पक्व झालेले असते. प्रत्यक्षात नरकपाल कोणीच नाहीत. उलट शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात याच मताचे खंडन करताना जागृतीतील अनुभव स्वप्नासारखा नाही, असे स्पष्ट बजावतात. ज्यांच्या नावावर जग हे स्वप्न असल्याचे मत सर्रास खपविले जाते, त्यांचे हे बजावणे आहे! शिवाय या दोन्ही मतांत जगाबाहेर बसून जग चालविणारा यंत्रधारी कोणी नाही, आणि शंकराचार्यांच्या मते जाणणारा साक्षी तर कोणत्याही संशयाच्या पलीकडे आहे. बॉस्ट्रमच्या मांडणीत जाणणाराही गणनातूनच निपजतो.

म्हणून या नव्या संशयाचा खरा पूर्वज शोधायचा तर न्यायदर्शनाकडे वळले पाहिजे. घट आहे त्याअर्थी कुंभार आहे, तद्वत् जगत्कार्यालाही बुद्धिमान कर्ता असला पाहिजे. हे ते अनुमान. उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’त ते पराकोटीस पोचले. बॉस्ट्रम कार्यावरून नव्हे, संभाव्यतेच्या हिशेबाने कर्त्याकडे जातो, हा भेद लहान नाही. परंतु प्रतिरूपातील रहिवाशांच्या दृष्टीने ते चालविणारे देवांसारखेच होत, हे तोही मान्य करतो.

आणि कर्ता आला की कुमारिल भट्टांचा प्रश्नही आलाच. सातव्या शतकात ‘श्लोकवार्तिका’त त्यांनी विचारले होते: प्रयोजनावाचून मूढही काही करीत नाही, मग दुःखाने भरलेले हे जग स्रष्ट्याने का निर्मावे? करुणेने म्हणावे, तर ते सुखमय का नाही? क्रीडेसाठी म्हणावे, तर तो कृतार्थ कसा? बॉस्ट्रमच्या दुसऱ्या विधानात हाच प्रश्न दडलेला आहे. प्रतिरूपातील जीवांना सोसाव्या लागणाऱ्या यातनांमुळे प्रगत समाज अशा निर्मितीवर नैतिक बंदी घालतील, ही शक्यता तो विचारात घेतो. पण मानवजातीचे अस्तित्व ही मोलाचीच गोष्ट मानली जाते, असे म्हणून पुढे जातो. कुमारिलांचे एवढ्याने समाधान झाले नसते. दुःख कधी घडलेच नाही, केवळ त्याच्या स्मृती पेरलेल्या आहेत, असाही एक तोडगा बॉस्ट्रम सुचवितो, आणि लगेच जोडतो की प्रत्यक्ष दुःख भोगत नसतानाच माणसाला हा तोडगा गंभीरपणे घेता येईल.