खंडणीसाठी अपहरण आणि खून : कलम ३६४-अ

नागपुरात १ सप्टेंबर २०१४ रोजी शाळेतून परतलेल्या आठ वर्षांच्या मुलाचे घराजवळून अपहरण झाले. खंडणीसाठी कोट्यवधी रुपयांची मागणी करण्यात आली; मुलगा मात्र जिवंत परतला नाही. सूत्रधार अनोळखी नव्हता. मुलाच्या वडिलांच्या दवाखान्यातील तो माजी कर्मचारी होता.

सत्र न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये दोघा आरोपींना फाशी सुनावली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती कायम केली. ‘अरविंद सिंग विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोष कायम ठेवला. फाशीऐवजी मात्र जन्मठेप दिली आणि २५ वर्षे सुटका नाही, अशी अट घातली.

भारतीय दंडविधानात कलम ३६४-अ १९९३ मध्ये समाविष्ट झाले. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप, शिवाय दंड. केवळ अपहरण आणि पैशांची मागणी सिद्ध होणे पुरेसे नसते. ओलिसाला ठार मारण्याची वा इजा करण्याची धमकी, तशी रास्त भीती वाटावी असे वर्तन, अथवा प्रत्यक्ष इजा वा मृत्यू, यांपैकी एक बाब सिद्ध व्हावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १४०(२) मध्ये आहे.

खून झाल्यास त्याचा आरोप स्वतंत्रपणे ठेवला जातो. कायदा कठोर आहे. तथापि ओलिसाच्या दृष्टीने निर्णायक ठरतात ते पहिले काही तास. म्हणूनच धमकीला न जुमानता पोलिसांना तत्काळ कळविणे अगत्याचे ठरते.