अवरक्त कॅमेरा आणि दप्तरातली शाई



आजचा विषय वाचून इथल्या एका मित्राने विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाला कॅमेऱ्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. पण 'दिसणं' म्हणजे काय, आणि जे दिसलं ते पुरावा म्हणून केव्हा मानायचं, हा आमच्या शास्त्रातला फार जुना प्रश्न. साधा डिजिटल कॅमेरा अवरक्त छायाचित्रणासाठी बदलून घेतला की तोच प्रश्न हातात येऊन बसतो. आणि आपल्या भागात घरोघरी जुनी दप्तरं आहेत, म्हणून तो इतिहासाचाही प्रश्न आहे. आज तेवढंच बोलू.

सुरुवात 1800 सालापासून करावी लागते. विल्यम हर्शेल, ज्यांनी 1781 मध्ये युरेनस शोधला, त्यांनी सूर्यप्रकाश लोलकातून पाडला आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवला. तांबड्या पट्ट्याच्या बाहेर, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथला पारा सगळ्यात वर चढला. म्हणजे तिथे काहीतरी होतं. त्यालाच आपण आज अवरक्त किरण म्हणतो. लक्षात घ्या, हर्शेलना ते किरण दिसले नाहीत. त्यांना पारा दिसला, आणि किरणांचं त्यांनी अनुमान केलं.

पुढे एकशे दहा वर्षांनी, 1910 मध्ये, अमेरिकन पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट वुड यांनी या प्रकाशात काढलेली निसर्गचित्रं प्रसिद्ध केली. आकाश काळंकुट्ट आणि झाडं पांढरीशुभ्र, जणू बर्फ पडलंय. या परिणामाला त्यांचंच नाव मिळालं. वुड म्हणजे इथे लाकूड नव्हे, बरं का! योगायोग असा की त्याच 1910 साली पुण्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. एकीकडे न दिसणारा प्रकाश काचेवर उतरत होता, दुसरीकडे माळ्यावर पडलेली दप्तरं उजेडात येत होती. त्या वेळी या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. आज तो जोडता येतो, एवढंच आमचं म्हणणं आहे.

झाडं पांढरी का दिसतात? पुष्कळांना वाटतं, हा उष्णतेचा कॅमेरा आहे आणि पानं गरम असतात. तसं नाही. माणसाचा डोळा साधारण 400 ते 700 नॅनोमीटर लांबीच्या लहरी पाहतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला कॅमेरा 700 च्या थोडं पलीकडे, फार तर 1100 पर्यंत पाहतो. अंगाची उष्णता टिपणारी यंत्रं आठ-दहा हजार नॅनोमीटरच्या प्रदेशात चालतात, ते घराणंच वेगळं. पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश खातं, पण अवरक्त प्रकाशाला हात लावत नाही. तो पानाच्या आतल्या पेशींवर आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्यांवर आपटून बराचसा परत फिरतो. पान रोगट झालं, सुकलं, की हे परतणं बदलतं.

याचा उपयोग आपल्या देशात लवकर झाला. 1970 च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळातल्या रोगग्रस्त नारळबागांचे अवरक्त फिल्मवर हवाई फोटो घेतले गेले. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात तिथून मानतात. पुढे 17 मार्च 1988 ला आय.आर.एस.-1ए हा उपग्रह सुटला, त्याच्या कॅमेऱ्यांतही एक पट्टा याच प्रकाशाचा होता. पेरणीचे आणि दुष्काळाचे नकाशे आज अशाच पट्ट्यांच्या आधाराने तयार होतात.

आता आपल्या हातातला कॅमेरा. फिल्मच्या काळात हा उद्योग कटकटीचा होता. अवरक्त फिल्म अंधारात भरायची, थंड जागी ठेवायची. डिजिटल कॅमेऱ्यातला सेन्सर मात्र सिलिकॉनचा असतो, आणि सिलिकॉनला अवरक्त प्रकाश जन्मतःच दिसतो. तो दिसला तर रोजच्या फोटोतले रंग बिघडतात, म्हणून कारखान्यातच सेन्सरवर एक काच बसवतात. ती अवरक्त प्रकाश बाहेरच अडवते. पडताळा घ्यायचा असेल तर घरी टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्याला काही दिसणार नाही, पण बऱ्याच मोबाइलमध्ये, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यात, जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. ती काच सगळंच काही अडवू शकत नाही.

रूपांतर म्हणजे ही काच काढणं. कॅमेऱ्यात नवी शक्ती भरत नाहीत, जी होती तिच्यावरचं झाकण काढतात. आम्ही आमचा जुना कॅमेरा बदलून घ्यायला निघालो तेव्हा दुरुस्तीवाला म्हणाला, "सर, चांगली वस्तू कशाला बिघडवता?" त्याच्या बाजूने ते खरंच होतं, कारण त्यानंतर त्या कॅमेऱ्यात नातवाच्या वाढदिवसाचे फोटो नेहमीच्या रंगात येत नाहीत. म्हणून हे काम बाजूला पडलेल्या कॅमेऱ्यावरच करावं.

काढलेल्या काचेच्या जागी काय बसवायचं, हे आधी ठरवावं लागतं. 720 नॅनोमीटरच्या पुढचंच आत सोडणारी काच बसवली तर कॅमेरा कायमचा अवरक्त होतो. साधी पारदर्शक काच बसवली तर तो सगळाच प्रकाश घेतो, आणि मग लेन्सवर हवा तो फिल्टर लावून निवड करता येते. कागदपत्रांसाठी आम्हाला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण एकाच कागदाचे वेगवेगळ्या फिल्टरमधून फोटो काढून ताडता येतात. काचेची जाडी नीट जुळली पाहिजे, नाहीतर फोकस चुकतो. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकसची यंत्रणा वेगळी असल्याने ती पुन्हा लावून घ्यावी लागते. बिनआरशाचे कॅमेरे सेन्सरवरच फोकस पाहतात, तिथे हा त्रास कमी. काही लेन्स अवरक्तात फोटोच्या मधोमध उजळ डाग पाडतात, तेव्हा लेन्स आधी तपासावी. आणि हे घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन करायचं काम नव्हे. फ्लॅशसाठी आत जो कपॅसिटर असतो, तो बॅटरी काढल्यावरही जोराचा झटका देऊ शकतो.

आता दप्तराकडे येऊ. मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्या 1947 पासून सापडू लागल्या. चामडं इतकं काळवंडलं होतं की अक्षर आणि पृष्ठभाग वेगळे करता येईनात. 1950 च्या दशकात जेरुसलेमच्या संग्रहालयात नजीब अल्बिना यांनी अवरक्त फिल्मवर त्यांचे फोटो घेतले, आणि ओळी वर आल्या. कारण सोपं आहे. शाई काजळीची होती. काजळी म्हणजे कार्बन, तो अवरक्त प्रकाशही गिळतो आणि काळाच राहतो. तपकिरी पडलेलं चामडं मात्र त्या प्रकाशात उजळतं.

आपली जुनी शाईही काजळ आणि डिंक घोटूनच केलेली. बोरूने लिहिलेला मोडी कागद पाण्याने डागाळला, पिवळा-तपकिरी पडला, तरी काजळ कागदावर शिल्लक असेल तर अवरक्त फोटोत डाग फिका पडतो आणि अक्षर उठून दिसतं. काजळच झडून गेलं असेल, तर मात्र कुठलाही कॅमेरा ते परत आणू शकत नाही.

आपल्या परिसरात याचं मोल विशेष आहे. शेजारी नळदुर्ग. बहामनी, आदिलशाही, मोगल, निजाम अशा सत्ता इथे होऊन गेल्या. 1853 ते 1860 हा भाग इंग्रजांकडे होता, आणि मेडोज टेलरसारखा लेखक इथे कारभार पाहत होता. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत पुन्हा निजामी. सरकारी कागद फारसीत, पुढे उर्दूत, आणि गावचा कुलकर्णी मोडीत लिहिणारा. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातल्या जुन्या नोंदी तपासायला घेतल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची किंमत सगळ्यांना एकदम कळली. एका नोंदीवर घरातल्या मुलाचा दाखला अवलंबून असतो. त्यामुळे कागदावर काय आहे आणि काय नाही, हा केवळ विद्वानांचा वाद उरत नाही.

इथेच सावध राहायला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रासायनिक रंगांच्या शाया आल्या. अशी निळी-जांभळी शाई आणि पुष्कळ रबरी शिक्के अवरक्त प्रकाशात पारदर्शक होतात. फोटोत ते जवळजवळ नाहीसे होतात! म्हणजे जो कॅमेरा एका कागदावरचं गेलेलं अक्षर दाखवतो, तोच दुसऱ्या कागदावरचा धडधडीत शिक्का पुसून टाकतो. आता असा फोटो कुणी दाखवला आणि म्हणाला, "बघा, इथे शिक्काच नव्हता," तर आपण काय उत्तर देणार?

नैयायिकांनी चार प्रमाणं सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोंगरावर धूर दिसला, म्हणून अग्नी आहे असं आपण म्हणतो. धूर प्रत्यक्ष, अग्नी अनुमान. पण हे अनुमान उभं राहतं ते 'जिथे धूर तिथे अग्नी' या व्याप्तीवर. अवरक्त फोटोचं तसंच आहे. पडद्यावरचं काळं-पांढरं चित्र प्रत्यक्ष आहे, पण 'इथे काजळीची शाई होती' हे अनुमान, आणि त्याची व्याप्ती शाईच्या ज्ञानावर उभी आहे. ते ज्ञान बाजूला ठेवून नुसता फोटो नाचवला, तर तो हेत्वाभास होईल. या फोटोतले रंगही नंतर संगणकावर दिलेले असतात, तेव्हा त्यांवरून काही सिद्ध होत नाही.

म्हणून आमची विनंती अशी. गावातल्या तरुणांनी एखादा पडून असलेला कॅमेरा जाणत्या माणसाकडून बदलून घ्यावा आणि दप्तरं टिपावीत. प्रत्येक कागदाचा आधी साधा रंगीत फोटो, मग अवरक्त. फोटो मोजपट्टी ठेवून काढावा. कोणती काच, कोणता फिल्टर, कोणती तारीख, कुणाचा कागद, हे तिथल्या तिथे वहीत लिहावं. मूळ फाइलला हात लावू नये, बदल करायचे ते प्रतीवर. आणि मूळ कागद फोटोनंतर फेकू नये, त्याला लॅमिनेशनही करू नये. उद्या कुणाला शंका आली, तर मूळ कागद पुन्हा पाहता आला पाहिजे.

हात स्थिर झाला की एकदा नळदुर्गला जा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातल्या त्या बंधाऱ्याचे, पाणीमहालाचे, पावसाळ्यानंतर फोटो घ्या. काळ्या दगडाच्या सांध्यांत रुजलेलं पिंपळाचं एवढंसं रोपही पांढरं चमकून दिसेल. चित्र देखणं येईलच, पण भिंत कुठे फुटू पाहते आहे त्याचाही नकाशा हाती येईल. तो दरवर्षी घेऊन ठेवलात, तर पुढच्या माणसाला त्याचा आधार होईल.

मोडी वाचणारं कुणी सभागृहात असेल, तर त्यांनी जाण्यापूर्वी आम्हाला जरूर भेटावं.